एवढे टेहळणी उपग्रह असूनही दहशतवादी आधी का दिसत नाहीत? हा सगळा खर्च वायाच नाही का?

आधी पहिला प्रश्न निकालात काढतो. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो, एका जागेवर तो काही मिनिटेच असतो. आपल्या कार्टोसॅट-३ या उपग्रहाचे चित्र २५ सेंटिमीटरपर्यंत बारीक, म्हणजे वरून माणूस जेमतेम दोन-चार ठिपक्यांचा. चेहरा विसरा. २६/११ चे हल्लेखोर 'कुबेर' नावाची आपलीच मासेमारी बोट पळवून आले. वरून ट्रॉलर दिसेल, आत कोण बसलेय ते कसे दिसणार?

आता 'वाया'बद्दल. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर सर्व्हेला होतो. खड्ड्याची, डंपची (खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीच्या ढिगाची) मापे घ्यायची हे काम. उन्हाळ्यातली उपग्रहचित्रे इतकी स्वच्छ की रस्त्यावरचे टिप्पर मोजून घ्यावेत. जून लागला की संपले. डंपचा धोका मात्र पावसातच. माती भिजते, घसरते, लाल गाळ खालच्या शेतात उतरतो. नेमके तेव्हाच चित्र मागवले की हातात पांढरा कापूस.

एका पावसाळ्यात आमचा डंप घसरला. किती सरकला, कोणाचे किती शेत गाडले गेले, यावरून कंपनी आणि गाव यांच्यात जुंपली. शेतकरी गेटवर बसून होते, कागद दोन्हीकडे होते, चित्र कोणाकडेच नव्हते. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन आभाळ मोकळे होईपर्यंत भाताचा हंगाम गेला होता आणि गाळावर गवत उगवले होते. भरपाई अंदाजाने ठरली. अंदाज शेतकऱ्याच्या बाजूने कधी झुकत नाही, तेव्हाही झुकला नाही. मी मापे घेणारा माणूस, आणि त्या बैठकीत माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. त्याचा राग अजून आहे.

पुढे एका प्रशिक्षणात रिसॅट-१ या रडार उपग्रहाचे भर पावसाळ्यातले चित्र पाहिले. रडार स्वतःच लहरी सोडते आणि परत येतात त्या टिपते, त्यामुळे ढग आणि रात्र दोन्ही आड येत नाहीत. साचलेले पाणी काळे दिसते, कारण सपाट पाण्यावरून लहर पलीकडेच निघून जाते. घरांचे कोपरे लख्ख. दाणेदार, खरखरीत चित्र होते ते, पण मी बराच वेळ त्यावरून नजर काढू शकलो नाही.

हे रडार आपल्याकडे आले तेही घाईने. स्वतःचा रिसॅट-१ तयार नव्हता, म्हणून २६/११ नंतर पाच महिन्यांच्या आत, २० एप्रिल २००९ रोजी, इस्रायली रडार असलेला रिसॅट-२ पीएसएलव्ही-सी१२ या रॉकेटने पाठवला. आपला रिसॅट-१ अवकाशात गेला २६ एप्रिल २०१२ ला. सरकारी पत्रकात शेती, वने, आपत्ती असे लिहिलेले असते आणि लोक त्याला हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. ढगाखालचे भात टिपणारे रडार ढगाखालची सीमाही टिपते.

१८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह हातचा गेला. ऑपरेशन सिंदूर थांबून आठवडाच झाला होता. त्याच दुपारी फोंड्याला मावशीकडे मावसभाऊ म्हणाला, "एवढ्या पैशात म्हापशाचे सगळे रस्ते झाले असते." ताटावर बसलो होतो, मावशी वाढत होती, गप्प राहिलो.

माझे मत उलट आहे: आपण फार कमी खर्च करतो. एकेक उपग्रह बनवायचा, तो पडला की वर्षानुवर्षे जागा रिकामी, ही कसली टेहळणी? ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांना मंजुरी मिळाली, त्यातले ३१ खासगी उद्योगांकडून. हे दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

अर्थात रडारलाही मर्यादा आहेत. डोंगराच्या पाठच्या उतारावर त्याची सावली पडते, आणि सह्याद्रीत अशा सावल्या पुष्कळ. रॉकेट का पडले याचा पूर्ण अहवालही लोकांसमोर यायलाच हवा, हिशेब मागणे गैर नाही.

पण मागताना योग्य दारात मागा. आणि मावसभावा, तू वाचत असशील तर ऐक: म्हापशाचे रस्ते राज्याच्या अंदाजपत्रकातून होतात. तो पैसा श्रीहरिकोट्याला कधी गेलाच नव्हता.