सतत थकवा येतो, बी-१२ची इंजेक्शनं घेऊनही फरक नाही. डॉक्टरांकडे कधी जावं आणि काय तपासावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३६, नाशिकच्या अंबडला कंपनीत काम, घरी दोन मुलं. तीन महिन्यांपासून सकाळी उठतानाच अंगात त्राण नसतं, जिना चढला की धाप लागते, केसही गळतायत. शेजारणीच्या सांगण्यावरून बी-१२ची इंजेक्शनं घेतली, एकदा सलाईन लावून घेतलं, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. घरचे म्हणतात कामाचा ताण आहे.

या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. नीट झोप, जेवण आणि आराम मिळूनही थकवा दोन-तीन आठवड्यांच्या पुढे गेला, की तपासून घ्यावं. तुम्हाला तर तीन महिने झालेत. ताण असेलही, पण ते तपासण्या झाल्यावर म्हणायचं, आधी नाही.

मी फार्मासिस्ट आहे, सातपूरला औषधांचं दुकान चालवते. "ताकदीचं काहीतरी द्या" ही मागणी माझ्याकडे रोज येते, आणि मागणाऱ्यांत तुमच्या वयाच्या बायका सगळ्यांत जास्त. बहुतेकींनी रक्त तपासलेलंच नसतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी सलाईनचं सांगते. मिठाच्या पाण्याच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. साखरेच्या, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण एका चपातीची ऊर्जा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं. पण तीन महिन्यांचा थकवा त्याने जाणार नाही. दोन दिवस बरं वाटतं, कारण तेवढा वेळ तुम्ही आडवं पडून राहता आणि कोणीतरी तुमची काळजी घेतं. मात्र त्या दोन दिवसांच्या बरं वाटण्याने खरी तपासणी महिनाभर पुढे ढकलली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय रक्त कमी असण्याचा, त्यातही लोह कमी असण्याचा. निदान डॉक्टरच करतील. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं होतं, म्हणजे सुरुवात इथूनच करायला हवी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. आपल्याकडे साडेनऊ असलं तरी "बायकांचं एवढंच असतं" म्हणून सोडून देतात. एवढंच नसतं.

नुसतं हिमोग्लोबिन बघून मात्र थांबू नका. शिबिरात बोटाला सुई टोचून काढलेला आकडा कधी कधी चुकतो, म्हणून शिरेतून रक्त देऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करायची. त्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असतील तर हा आकडा मध्ये कुठेतरी, अगदी नॉर्मल दिसू शकतो आणि फसवतो. त्यामुळे डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही हा साठा रिकामा झालेला असू शकतो, आणि थकवा, केस गळणं तेव्हापासूनच सुरू होऊ शकतं. फक्त अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता एक प्रश्न, जो काउंटरवर विचारला की बायका मान खाली घालतात. पाळीत किती रक्त जातं? सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गर्भाशयात गाठ असेल किंवा थायरॉइडची तक्रार असेल आणि तुम्ही नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या घेत राहिलात, तर एकीकडून भरलेलं दुसरीकडून जातच राहील. आणखी एक खूण म्हणजे कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटणं. लाज वाटून कोणी सांगत नाही, पण लोहाची कमतरता असलेल्यांत हे बऱ्याचदा दिसतं.

गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी लोह अंगी लागू देत नाहीत, मध्ये निदान तास-दोन तासांचं अंतर हवं. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर उत्तम. शौचाला काळसर होतं, त्याला घाबरायचं नाही. मळमळ होत असेल तर गोळी फेकून देऊ नका. डॉक्टर ती दिवसाआड किंवा जेवणानंतर घ्यायला सांगू शकतात. आणि हिमोग्लोबिन वाढलं की लगेच बंद करायची नाही. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त गोळ्या याच टप्प्यावर सुटतात.

घरातल्या पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर ते प्रकरण वेगळं. तिथे पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त जातंय का हे शोधावंच लागतं. जखम, मूळव्याध, कधी कर्करोगही असतो. अशा वेळी टॉनिकची बाटली नेऊ नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

बी-१२बद्दल. शाकाहारी माणसांत ते कमी असणं नेहमीचंच. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांतही कमी होतं. पायाला मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, विसराळूपणा ही त्याची लक्षणं. तुम्ही इंजेक्शनं आधीच घेतलीत, त्यामुळे आता बी-१२ तपासलं तर आकडा वाढलेला येईल. कोणती, किती आणि कधी घेतली हे डॉक्टरांना नक्की सांगा.

केस गळतायत म्हणून थायरॉइडची टीएसएच तपासणीही हवी. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, पाळीत जास्त रक्त जाणं, हे सगळं त्याच्याशी जुळतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, आणि त्या किती दिवस बंद ठेवायच्या हे डॉक्टर सांगतील.

साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या आणि लघवीची तपासणी डॉक्टर बहुतेक सोबतच लिहितील. ऐंशी-नव्वद तपासण्यांची पॅकेजं स्वतःहून करू नका. त्यात दोन-चार आकडे किंचित इकडेतिकडे निघतात आणि माणूस नसत्या काळजीने आणखी खचतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि त्यानेही थकवा, उलट्या, बद्धकोष्ठता होते. लेबल नसलेली "ताकदीची पुडी" कोणी दिली तर घेऊच नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. सुरुवातीला अंगात शक्ती आल्यासारखं वाटतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेततं.

तुमची कामाची पाळी रात्रीची असते का हे तुम्ही लिहिलं नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर झोपेचं गणित पार बिघडतं. सुट्टीत सलग आठ तास झोपूनही तसंच वाटतं का, ते बघा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा बसल्याबसल्या डोळा लागणं असेल तर तो झोपेतला श्वासाचा आजार असू शकतो, बायकांनाही होतो. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं. बीपीच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, विचारायचं. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांना डोकं दुखणं, घाम, लाळ, अंधुक दिसणं आणि स्नायूंत बळ नसणं जाणवलं, तर औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. आणि पेठ, सुरगाणा भागातलं कुटुंब असेल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी.

मनाचंही विचारते. कशातच रस नाही, उगीच रडू येतं, पहाटे जाग येते आणि मग झोप लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? नैराश्यात शरीर खरंच थकतं, तो काही आळस नव्हे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन मोफत आहे. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरात कोणाला तरी सांगा.

थांबायचं नाही अशी लक्षणं आता सांगते. छातीत दुखणं किंवा दडपण, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, रक्ताची उलटी, लोहाच्या गोळ्या सुरू नसताना डांबरासारखी काळी शौच, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, असंबद्ध बोलणं. यातलं काहीही झालं तर १०८ला फोन करायचा. बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत फार दुखतंच असं नाही. अचानक आलेला प्रचंड थकवा, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ एवढंच असू शकतं. आणि काही दिवसांत दाखवायलाच हवं अशी: कारण नसताना वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, दोन आठवड्यांहून जुना खोकला, कुठेही गाठ, पायावर सूज. खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

खर्चाचं म्हणाल तर पगारातून ईएसआय कापला जात असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय तुमच्या हक्काचं आहे. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये केसपेपर आणि तपासण्या १५ ऑगस्ट २०२३पासून मोफत आहेत. नाशिकरोडचं बिटको आणि कथड्यातलं झाकीर हुसेन ही महापालिकेची रुग्णालयंही आहेत.

जाताना एका कागदावर लिहून न्या: थकवा कधीपासून, दिवसात केव्हा जास्त, शेवटच्या दोन पाळ्यांच्या तारखा आणि रक्त किती गेलं, वजनात फरक, आणि सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक धरून. जुने रिपोर्ट असतील तर तेही. उपाशीपोटीची साखर लिहून दिली तर आधी आठ तास काही खाऊ नका, पाणी चालतं. आणि लोहाच्या, बी-१२च्या कुठल्याही नव्या गोळ्या तपासणीसाठी रक्त देऊन झाल्यावरच सुरू करा.