‘शांती करार’ मुळीच नको

एका वाचकांचा प्रश्न : उत्तर आयर्लंडमध्ये हिंसक संघर्ष थांबवण्यासाठी 1998 साली जे ठरलं, त्याला मराठीत शांती करार म्हणावं, शांतता करार म्हणावं की तह?

शांती करार तर नकोच. वाहिन्यांच्या पट्टीवर रोज हे वाचून डोकं उठतं. मराठीत शांती मनाला मिळते, गेलेल्या माणसाच्या आत्म्याला लाभो म्हणतात, ग्रहांची करतात. दोन गटांत नांदते ती शांतता. 

आता ‘करार’. सह्या केलेला कागद हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. शब्द मूळचा अरबी. त्याच्या धातूत एका जागी ठरणं, स्थिरावणं आहे. म्हणून जीव थाऱ्यावर नसलेला तो बेकरार आणि ठरवून टाकलेला दिवस मुक्रर. शिवाय अरबीत करार म्हणजे तळ! आणि फारसी ‘तह’ म्हणजे? तोही तळच, तहखाना आठवा. पुरंदरचा तह आणि आजचा करार, दोन्ही शब्दांच्या बुडाशी एकच चित्र आहे असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटीचा खडा चार वेढे फिरवायची आणि झाकून ठेवायची. सकाळी वर नितळ पाणी, तळाला बोटभर गाळ. गाळ जात नसे, बसत असे. हंडा हिंदकळला की पुन्हा वर.

काही जाणकार ‘तह म्हणजे घडी, घडी घातलेला कागद’ असं सांगतात. ती कथा ग्रीक ‘डिप्लोमा’ची, ती इथे चिकटवू नये. तह म्हणजे घडी हे हिंदीत चालतं. मराठी माणूस धोतराची घडीच घालतो, तह घालत नाही.

उत्तर आयर्लंडच्या करारात तर सरकारने नावाबाबत फारच जपून पाऊल टाकलं. ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे बहुधा ‘बेलफास्ट करार’ म्हणतात, आयर्लंडच्या एकीकरणाची आस असलेले ‘गुड फ्रायडे करार’. सार्वमतापूर्वी घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेवर यातलं एकही नाव नव्हतं. नुसतं ‘करार’, आणि सोबत ‘निर्णय तुमचा आहे’. 22 मे 1998 ला 71 टक्के मतं बाजूने पडली.

त्याहून मोलाचा शब्द आतल्या मजकुरात आहे : डीकमिशनिंग. बंडखोरांच्या शस्त्रांचं काय, या सर्वांत नाजूक प्रश्नासाठी सेवेतून काढलेल्या जहाजाला लावतात तो शब्द घेतला. आपली जुनी ‘विक्रांत’ युद्धनौका 1997 च्या जानेवारीत निवृत्त झाली, तेव्हाचा हाच शब्द. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी गुडघे टेकत नाही. याचं भाषांतर ‘शरणागती’ किंवा ‘शस्त्रं खाली ठेवली’ असं करणारा त्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओततो. मी ‘शस्त्रं सेवेतून काढणं’ असं लिहितो.