लिऊ त्सिशिन ह्यांची चिनी विज्ञानकादंबरी ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ शंभर पानांनंतर अडकली आहे. पुढे वाचावी की सोडून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की चिनी नावं डोक्यात राहत नाहीत, मध्येच कुठला तरी व्हिडिओ गेम सुरू झाला आणि लोक एवढं कौतुक कशाचं करतात तेच कळेना. नेमक्या ह्याच जागी माझं पुस्तक अडीच वर्षं पडून होतं, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो. पुढे कथानक थोडंफार फुटणार आहे. सगळं कोरं ठेवून वाचायचं असेल तर एवढंच ऐका: वाचा, पण गेमची पानं भरभर उलटलीत तरी पाप लागत नाही.

माझं शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स, पोटापाण्याला पतसंस्थेत हिशेबनीस, राहणं नारायणगावजवळ. पुस्तक आणून दिलं पुतण्याने. दर सणाला घरी आला की विचारायचा, “काका, झालं का वाचून?” मी म्हणायचो, “अरे, वांग कोण आणि वेई कोण, इथेच माझं अडतंय.” शेवटी त्यानेच एक चिठ्ठी करून दिली. ती अजून पुस्तकात खूण म्हणून आहे. त्यावर चारच नावं: ये वेनजिए (मुलगी, पुढे म्हातारी), वांग मियाओ (नॅनो-पदार्थांचा संशोधक), शी च्यांग ऊर्फ दा शी (पोलीस), डिंग यी (फिजिक्सवाला). चिन्यांत आडनाव आधी येतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो. बाकीची नावं विसरलात तरी काही बिघडत नाही. लेखकालाही त्या माणसांची फारशी पडलेली नाही, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

पण आधी जे आवडलं ते सांगतो. इंग्रजी पुस्तक १९६७ सालच्या बीजिंगमध्ये उघडतं. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी ‘जुन्या विचारांच्या’ लोकांना झोडपायचा काळ. विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक व्यासपीठावर उभा केलाय, सापेक्षतावाद शिकवला हा त्याचा गुन्हा. त्याच्याविरुद्ध बोलायला उभी राहते ती त्याची बायको, तीही त्याच विषयाची प्राध्यापक. चार मुली त्याला कमरेच्या पट्ट्यांनी मारतात, मरेपर्यंत. गर्दीत त्याची मुलगी वेनजिए हे बघत उभी असते. गर्दी पांगते तरी ती तिथेच.

ही वीस-पंचवीस पानं मी दोनदा वाचली. ह्यात अंतराळ नाही, यंत्र नाही, काही नाही. पुढे ही मुलगी जंगलतोडीच्या छावणीत जाते, तिथे कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं एक अमेरिकन पुस्तक वाचते, एका पत्राच्या भानगडीत दुसऱ्याचं खापर तिच्या माथी फुटतं, आणि शेवटी ती डोंगरावरच्या एका गुप्त लष्करी रेडिओ-केंद्रात येऊन पडते. माणूस जातीवरचा तिचा विश्वास कसा तीळ तीळ करत संपला ते इतकं नीट दाखवलंय की पुढे ती जे करते त्याचा राग येत नाही. आणि करते काय, तर परग्रहावरून आलेल्या निरोपाला उत्तर पाठवते. त्या निरोपात तिकडच्याच एका भल्या जीवाने तीनतीनदा बजावलेलं असतं की उत्तर देऊ नका, दिलंत तर तुमचा पत्ता लागेल आणि आमचे लोक तुमचं जग घेतील. हिने ते वाचलं, विचार केला आणि बटण दाबलं.

आणखी एक प्रसंग बराच पुढे आहे. बापाला मारणाऱ्या त्या मुलींना वेनजिए कित्येक वर्षांनी शोधून काढते. चौथी केव्हाच मेलेली. तिघी येतात, अकाली म्हाताऱ्या झालेल्या, एकीला एक हात नाही. हिला फक्त एवढंच हवं असतं की त्यांनी चूक झाली म्हणावं. त्या म्हणतात, आमची जी वाट लागली तिची माफी आमच्याकडे कोण मागतंय? आणि निघून जातात. मी पुस्तक मिटून ओट्यावर जाऊन बसलो. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगता येईना.

एक गंमत ह्या मांडणीची. ही कादंबरी २००६ साली चीनमधल्या विज्ञानकथांच्या मासिकात क्रमशः आली, पुस्तक निघालं २००८ मध्ये. पुस्तक करताना ही १९६७ ची प्रकरणं मधे सरकवली, सुरुवातीलाच डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. २०१४ मध्ये केन लिऊ ह्यांनी इंग्रजी केलं तेव्हा लेखक लिऊ त्सिशिन ह्यांच्या संमतीने ती पुन्हा पुढे आणली. म्हणजे तुम्ही-आम्ही जी सुरुवात वाचली तीच मुळात लेखकाच्या मनातली. २०१५ साली विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो ह्याच इंग्रजी रूपाला, आणि कादंबरीसाठीचा ह्यूगो आशियाई लेखकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आता तुमचा गेम. वांग मियाओ एक व्हीआर (आभासी जगातला) गेम खेळतो, त्यातल्या जगाला तीन सूर्य आहेत. कधी कोणता उगवेल नेम नाही. काही काळ सगळं सुरळीत, मग एकाएकी शेकडो वर्षांची थंडी, नाहीतर सगळं जाळणारं ऊन. असा वाईट काळ आला की तिथली माणसं अंगातलं पाणी काढून टाकतात, वाळून चामड्यासारखी होतात, त्यांच्या गुंडाळ्या करून कोठारात ठेवतात आणि चांगले दिवस आले की पाण्यात टाकून फुगवतात. हे मी वाचलं मे महिन्यात, गच्चीवर कुरडयांची राखण करताना. हसू आलं. बाजूला कुरडया, पुस्तकात माणसं, दोन्ही वाळत घातलेली. पहिल्या वेळी मी इथेच सोडलं होतं, कारण हा खेळ कशासाठी चाललाय ते कळेना. दुसऱ्या वेळी कळलं की हा एक फार जुना गणिताचा प्रश्न गोष्ट करून सांगतोय.

प्रश्न असा. सूर्य आणि एक ग्रह, दोनच वस्तू असल्या तर न्यूटनच्या नियमांनी त्यांची वाट कायमची मांडता येते. तिसरी वस्तू आली की सर्वांना लागू पडेल असं सरळ सूत्रच मिळत नाही. सुरुवातीला केसभर फरक पडला तरी पुढे सगळंच बदलतं. १८८९ साली स्वीडनच्या राजाने लावलेलं बक्षीस पॉइनकारे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाला ह्याच प्रश्नावरच्या निबंधासाठी मिळालं. निबंध छापून झाल्यावर त्यालाच त्यात मोठी चूक सापडली. प्रती परत मागवाव्या लागल्या आणि नवी छपाई त्याने स्वतःच्या खर्चाने केली. बक्षीस २५०० क्रोनर, छपाई साडेतीन हजारांच्या वर. (हिशेबनिसाच्या लक्षात राहणार ते हेच.) पण ती चूक सुधारताना त्याला जे दिसलं त्यातूनच पुढे केऑसचं, म्हणजे अशा बेभरवशाच्या हालचालींचं, शास्त्र उभं राहिलं. हे माहीत असेल तर गेममधले राजे आणि पंडित, एकामागून एक कॅलेंडर करतात आणि तोंडावर आपटतात, ते वाचायला मजा येते. माहीत नसेल तर ते नुसते वेशभूषा स्पर्धेला आल्यासारखे वाटतात. तुमचं तसंच झालं असावं.

त्या गेममधलं एक प्रकरण मात्र चुकवू नका. चीनचा पहिला सम्राट तीन कोटी सैनिक मैदानात उभे करून त्यांचाच संगणक बनवतो. प्रत्येकाच्या हातात काळे-पांढरे झेंडे. मला राहवलं नाही, दिवाळीच्या सुट्टीत अंगणात चार पोरं उभी केली, प्रत्येकाला एक काळा आणि एक पांढरा रुमाल. काळा म्हणजे १, पांढरा म्हणजे ०. पुढची दोघं आकडे. मागे एक ‘बेरीज’, एक ‘हातचा’. बेरीजवालीने दोघांकडे बघायचं, रुमाल वेगवेगळे असतील तरच काळा वर करायचा. हातच्याने दोन्ही काळे दिसले तरच काळा. पुढच्या दोघांनी काळे वर केले. हातच्याचा काळा वर गेला, बेरीजवालीचा पांढरा. एक अधिक एक, वर एक, खाली शून्य! भाची ओरडली, “मामा, दहा झाले!” मग तिला द्विमान पद्धतीतले (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) दहा म्हणजे आपले दोनच, हे समजावत बसलो. कॉलेजात आम्हाला हाफ-ॲडर (अशी बेरीज करणारं सर्किट) आकृती काढून शिकवला होता, तोही परीक्षेपुरता. तो अंगणात उभा राहिलेला मला पन्नाशीत दिसला.

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजूही तेवढीच जाड आहे.

हे परग्रहवासी पृथ्वीवरच्या विज्ञानाला खीळ घालायला ‘सोफॉन’ पाठवतात. म्हणजे काय, तर एक प्रोटॉन घ्यायचा, त्याच्या गुंडाळलेल्या मिती उलगडून तो ग्रहाएवढा पसरायचा, त्यावर सर्किट कोरायचं आणि पुन्हा घडी घालून प्रोटॉन करायचा. इथपर्यंत मी मान डोलावली, कारण ह्या मितींचं मला काही कळत नाही. पण मग तो सोफॉन क्वांटम एन्टँगलमेंटच्या (दूरच्या दोन कणांमधल्या जुळलेल्या नात्याच्या) जोरावर चार प्रकाशवर्षांवर तत्क्षणी निरोप पोचवतो, आणि तिथे माझी सटकली. एन्टँगलमेंटने निरोप पाठवता येत नाही, हे त्या विषयाच्या पहिल्या काही पाठांत शिकवतात. सूर्याचा रेडिओ-ॲम्प्लिफायर (निरोप मोठा करणारं यंत्र) म्हणून वापर हीसुद्धा तसलीच थाप, पण ती इतक्या ऐटीत मारलीय की माफ. म्हणजे माझी गत अशी, की विज्ञान डोक्यावरून गेलं तिथे मी खूश, आणि कळलं तिथे भांडायला उभा.

तीन सूर्यांचंही तसंच. आपल्याला सर्वांत जवळची तारकाप्रणाली चार प्रकाशवर्षांवर आहे आणि तिच्यात तीन तारे आहेत, हे खरं. पण त्यातले दोन एकमेकांभोवती साधारण ८० वर्षांत शिस्तीत एक फेरी घालतात आणि तिसरा इतका लांब आहे की तो त्यांच्या वाटेला जात नाही. गोंधळ नाही, नियमित संसार आहे. आपल्या मराठी तारा-नकाशांत ह्या ताऱ्याचं नाव ‘मित्र’, नरतुरंग मंडळातला. पृथ्वी गिळायला निघालेले शत्रू मित्रावरून येतात, हा विनोद फक्त आपल्याला कळणार! मे संपता संपता रात्री साडेदहा-अकराला दक्षिणेकडे क्षितिज मोकळं असेल तर बघा. हात लांब करून मूठ धरली तर मुठीएवढाच वर असतो. आमच्याकडून पुण्याच्या उजेडात निम्मा बुडालेला दिसतो.

माणसांबद्दल म्हणालो तसं, वेनजिए सोडली तर बाकीची पात्रं माहिती पुरवायला उभी केल्यासारखी. वांग मियाओला बायको-मुलगा आहेत, पण दोन-तीन प्रकरणांनंतर ते कुठे जातात पत्ता नाही. लेखकाची बरीच वर्षं वीजकेंद्रात संगणक अभियंता म्हणून गेली. ते जाणवतं, यंत्र चोख आणि चालवणारा धूसर. अपवाद दा शी. सिगारेटी फुंकणारा, उद्धट, फिजिक्सचा गंध नाही, आणि सगळे पंडित हातपाय गाळून बसले की हाच त्यांना गाडीत घालून शेतावर नेतो. टोळांनी भरलेलं शेत दाखवतो आणि म्हणतो, माणसाने इतकी औषधं मारली, संपले का हे? मी हा प्रसंग आमच्या दादाला सांगितला. तो टोमॅटो करतो, त्या वर्षी नागअळीने पार बेजार केला होता. पाठीवरचा पंप न उतरवता म्हणाला, “हे कळायला पुस्तक लागतं होय?”

आणखी एक. हे पुस्तक वाचून झाल्यावर मी खोडदला गेलो, जीएमआरटी ही रेडिओ-दुर्बीण बघायला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने लोकांना बघू देतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, लहानपणापासून येता-जाता दिसणाऱ्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. आपली दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अडकलायत ती जागा वाईटच आहे. गेमची पहिली एक-दोन प्रकरणं भराभर ओलांडा, वेनजिएचं नाव दिसेल तिथे थांबून सावकाश वाचा, झेंड्यांचं प्रकरण आलं की घरात कोणी पोरं असतील तर त्यांना हाक मारा. सोफॉनची पानं मला नाही झेपली, तुमच्यात फिजिक्स कमी असेल तर कदाचित जास्त आवडतील. केन लिऊंच्या तळटीपा सोडू नका, चिनी इतिहास माहीत नसणाऱ्याला त्यांचा फार आधार आहे.

दुसरा भागही पुतण्याने आणून ठेवलाय. त्याची सुरुवात एका थडग्यावरून चालणाऱ्या मुंगीने होते. तीन आठवडे झाले, माझी मुंगी अजून थडग्यावरच आहे.