सांगलीत एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. कायमेरा-एक्स या रेणूंची त्रिमितीय रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून प्रथिनाच्या पृष्ठभागाचे निर्देशक स्क्रिप्टने फाइलमध्ये कसे काढू?
छोट्याशा पायथन स्क्रिप्टने निघतील: आधी 'सरफेस' कमांड द्या, मग सेशनमधली मॉलिक्युलर सरफेस प्रकारची मॉडेल्स घेऊन प्रत्येकाचा 'व्हर्टिसेस' (पृष्ठभागावरच्या बिंदूंचे निर्देशक) हा नमपाय अ‍ॅरे, म्हणजे पायथनच्या नमपाय लायब्ररीतला संख्यांचा तक्ता, त्याच लायब्ररीच्या सेव्हटेक्स्टने फाइलमध्ये लिहा. हे बिंदू जोडून पृष्ठभाग बनवणारे त्रिकोण 'ट्रँगल्स'मध्ये मिळतात. कोणता बिंदू कोणत्या अणूचा, हे व्हर्टेक्स-टू-अ‍ॅटम-मॅप सांगतो. तोही सोबत जतन कराच, पुढे अमिनो आम्लांनुसार बिंदू वेगळे करताना त्याच्याशिवाय अडतं. साताऱ्यात प्रात्यक्षिकाला मुलांकडून मी हेच करून घेते. मात्र मॅचमेकर या रेणू जुळवणाऱ्या कमांडने दोन रेणू एकमेकांवर बसवले असतील, तर हे निर्देशक हलवण्याआधीचेच राहतात. तेव्हा सीन पोझिशन (मॉडेलची हलवल्यानंतरची जागा) लावून मगच फाइल लिहा. ग्रिड स्पेसिंग (पृष्ठभाग काढताना वापरलेल्या जाळीतलं अंतर) मुळात ०.५ अँगस्ट्रॉम असतं, ते कमी केलं की बिंदू झपाट्याने वाढतात.