बाह्यफलन आणि अंतर्गत फलन हा फरक आला कुठून? माणसात नेमकं काय घडतं?

तुम्ही लिहिलंय की दहावीसाठी दोन्ही फलनांच्या व्याख्या पाठ आहेत, पण काही प्राणी अंडी पाण्यात सोडतात, काही कवचात घालतात आणि काही पोटात वाढवतात हे का, ते कुणी सांगितलं नाही. शिवाय माणसाचा भाग वर्गात घाईने उरकला गेला. मी जीवशास्त्र शिकवतो, आणि हा धडा एकाच गोष्टीपासून सुरू करतो: फलन म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी एकत्र येणं, आणि त्यासाठी शुक्रपेशीला पोहावं लागतं. बहुतेक प्राण्यांत ती शेपटी हलवत अंडपेशीकडे जाते, आणि कोरड्यावर पोहता येत नाही.

त्याआधी अलैंगिक प्रजनन दोन ओळींत संपवू. अमीबा दुभंगतो, हायड्राच्या अंगावर कलिका फुटते आणि वेगळी होते. जोडीदार लागत नाही, पण पिल्लू जनुकांच्या बाबतीत जवळपास जनकाची नक्कलच असतं. लैंगिक प्रजननात दोघांची जनुकं एकत्र येतात. माणसाच्या शरीरपेशीत 46 गुणसूत्रं असतात. अर्धगुणसूत्री विभाजनामुळे शुक्रपेशीत 23 आणि अंडपेशीत 23 उरतात, आणि फलनानंतर दोन्ही मिळून बनलेल्या पेशीत, म्हणजे युग्मनजात, पुन्हा 46 होतात. हे विभाजन नसतं तर आकडा दर पिढीत दुप्पट झाला असता.

आता पाण्याकडे. बेडकाचा नर मादीला पाठीवरून घट्ट धरतो, ती पाण्यात अंडी सोडते आणि तो त्यांवर शुक्रपेशी सोडतो. फलन शरीराबाहेर होतं, म्हणून ते बाह्यफलन. पोहायला तळं आहेच, पण त्या अंड्यांना कवच नाही, राखणही बहुधा नाही. बरीचशी खाल्ली जातात, म्हणून घालायचीही ढीगभर.

जमिनीवर राहायचं तर तळं मिळेलच असं नाही. मग शुक्रपेशी मादीच्या शरीरातच सोडल्या जातात, कारण तिथे ओलावा असतो. हे अंतर्गत फलन. कोंबडा आणि कोंबडी अवस्करद्वारं (विष्ठा आणि अंडी किंवा शुक्रपेशी बाहेर पडण्याचं एकच द्वार) एकमेकांना टेकवतात, शुक्रपेशी आत जातात, आणि फलन झाल्यानंतर अंड्यावर कवच चढतं. (कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. त्यांतून पिल्लू मात्र निघत नाही. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.) अंड्यात पिल्लाभोवती एक पातळ पिशवी असते आणि तिच्यात द्रव भरलेला असतो. म्हणजे तळं सोडलं, तरी थोडं पाणी सोबत घेतलंच. तशीच पिशवी सरपटणाऱ्या प्राण्यांत आहे आणि माणसातही. आपण तिच्यातल्या द्रवाला गर्भजल म्हणतो. सस्तन प्राण्यांतले अंडी घालणारे प्लॅटिपस आणि एकिडना सोडले तर बाकीच्यांनी कवच टाकून दिलं आणि पिल्लू पोटातच ठेवलं.

माणसात शुक्रपेशी वृषणात तयार होतात. वृषणकोश शरीराबाहेर असतो, कारण शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. संभोगावेळी शिश्नातून वीर्य योनीत सोडलं जातं आणि त्यात कोट्यवधी शुक्रपेशी असतात. इतक्या कशाला? योनीतल्या आम्लात बऱ्याच मरतात, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावात बऱ्याच अडकतात, आणि अंडवाहिन्या (अंडपेशी गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या) दोन असल्या तरी अंडपेशी सहसा एकीतच असते. शेवटी काहीशेच जवळ पोहोचतात. ‘जी आधी पोहोचली ती जिंकली’ असं सगळीकडे सांगतात, ते मला पटत नाही. शुक्रपेशीला स्त्रीच्या शरीरात काही तास काढावे लागतात, त्यानंतरच ती अंडपेशीचं आवरण भेदू शकते. फार लवकर पोहोचून उपयोग नाही. एक आत शिरली की आवरण बदलतं आणि बाकीच्या बाहेरच राहतात.

फलन गर्भाशयात होतं असं उत्तरपत्रिकेत हमखास सापडतं. ते अंडवाहिनीत होतं. अंडपेशी सुटल्यावर साधारण एक दिवसच टिकते. शुक्रपेशी मात्र आत पाचेक दिवस राहू शकते. युग्मनजाचं विभाजन होत होत आठवडाभराने तो पेशींचा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. तो रुजला नाही, किंवा फलन झालंच नाही, तर दर महिन्याला तयार होणारं हे अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं. हीच मासिक पाळी. त्यात अशुद्ध, घाण असं काहीही नाही, आणि हे मुलग्यांनाही तितकंच स्पष्ट सांगायला हवं.

गर्भ रुजल्यावर अपरा, म्हणजे वार, तयार होते. आईचं आणि बाळाचं रक्त तिथे एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि ग्लुकोज आईकडून बाळाकडे जातात, टाकाऊ पदार्थ उलट दिशेने. फलनापासून सुमारे 38 आठवड्यांनी बाळ जन्मतं. डॉक्टर 40 म्हणतात, कारण ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

मुलगा की मुलगी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षेत येतं. अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असतं, शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. त्यामुळे सहसा शुक्रपेशीवरच ते ठरतं, आणि मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही. मगरीत मात्र असं गुणसूत्रच नसतं. तिथे पिल्लू नर की मादी हे अंडी उबताना घरट्याचं तापमान किती होतं यावर ठरतं.