मुलीच्या वहीतली ओळ

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मुलगी यवतमाळला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र, गुण ७८ टक्के. कणभौतिकीच्या सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर शिकायचे म्हणते. तिच्या वहीत ‘जेनेरिक प्रोग्रामिंग’ लिहिलेले दिसले, त्याखालची एक ओळ सोबत उतरवून पाठवतो. औषधाचे दुकानवाले म्हणाले, जेनेरिक म्हणजे हलक्या प्रतीचे. नागपूरच्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांत नोकरीची हमी आहे, फी दीड लाख. दोन एकर गहाण टाकायची तयारी आहे, पण पोरगी आयकत नाही. चार दिवसांपासून जेवताना बोलत नाही. तुम्हीच समजवा.

उत्तर : भाऊ, नमस्कार. गुण, फी आणि जमीन यांचे आकडे आपण नेमके दिले आहेत, आणि मुलगी जेवताना बोलत नाही हे मात्र जाता जाता लिहिले आहे. मला त्याचीच अधिक काळजी वाटते. जिची वही तिला न विचारता उघडली गेली, त्या वहीतल्या शब्दाची प्रत औषधाच्या दुकानात ठरवली गेली आणि जिच्यासाठी दोन एकर गहाण टाकण्याचे परस्पर ठरले, ती ताटावर बसून काय बोलणार? आपल्या मायेबद्दल मला शंका नाही. परंतु नोकरी न लागल्यास वावर गेल्याचा ठपका तिच्यावरच येणार, हे तिला आपल्याआधी उमगले असावे. नोकरीची हमी देणाऱ्या त्या क्लासला तीच हमी स्टॅम्पपेपरवर मागून पाहा, म्हणजे पुढचे मला लिहावे लागणार नाही. जमीन गहाण टाकण्यास माझा स्पष्ट विरोध आहे.

आता ‘जेनेरिक’विषयी. (औषधातले जेनेरिकही हलके नसते, औषध तेच असते, कंपनीने दिलेले ब्रँडचे नाव तेवढे नसते.) प्रोग्रामिंगमधला अर्थ आपल्याला तिफणीवरून कळेल. चाड्यातून ज्वारी सोडा की तूर, तिफण तीच राहते. प्रत्येक बियाण्यासाठी सुतार नवी तिफण घडवत नाही, बियाणे नळ्यातून खाली उतरले पाहिजे एवढीच त्याची अट असते. त्याचप्रमाणे येथे कृती एकदाच लिहितात, ती कोणत्या प्रकारच्या माहितीवर चालवायची हे मोकळे ठेवतात आणि त्या माहितीने कोणत्या अटी पाळायच्या तेवढे ठरवून देतात. सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेत यासाठी ‘टेम्प्लेट’ असतात. कणभौतिकीत सर्वत्र वापरले जाणारे जिआंट-४ हे सिम्युलेशनचे, म्हणजे कणांच्या प्रवासाची संगणकावर नक्कल करण्याचे, सॉफ्टवेअर १९९८ साली प्रथम उपलब्ध झाले, तेही सी++मध्येच लिहिलेले आहे. एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पदार्थात शिरला की तो इलेक्ट्रॉनवर आदळण्याची शक्यता किती, आणि आदळल्यावर तो कोणत्या दिशेने व किती ऊर्जेने निघेल, असे दोन प्रश्न पडतात. पहिल्याचे उत्तर १९२९ च्या क्लाइन-निशिना सूत्राने काढायचे की मोजमापांवर बेतलेल्या तक्त्यांतून, हे टेम्प्लेट वापरल्यास दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला हात न लावता बदलता येते, आणि दोन्ही तुकडे सुटे तपासता येतात. मुलीच्या वहीतली जी ओळ आपण उतरवून पाठवली आहे, ‘व्हर्च्युअल : निवड चालताना, टेम्प्लेट : निवड कंपाइल करतानाच’, तिच्यातले ‘व्हर्च्युअल’ म्हणजे सी++मधली दुसरी पद्धत, आणि कंपाइल करणे म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालवण्याआधी यंत्राच्या भाषेत उतरवणे. ओळीचा अर्थ हाच की कोणते बियाणे पेरायचे ते पावलापावलावर विचारण्याऐवजी वावरात उतरण्यापूर्वी ठरवायचे. सिम्युलेशनमध्ये अशी पावले कोट्यवधी असतात, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. मात्र याची किंमतही असते : चुका दाखवणारे कंपाइलरचे संदेश पानभर लांबतात आणि प्रोग्राम चालू असताना मॉडेल बदलणे अवघड होते. ही ओळ जिने समजून लिहिली तिला सहा महिन्यांच्या क्लासची गरज नाही, आणि हे केवळ संगणकवाल्यांचे काम आहे असेही समजू नका, कारण सूत्र कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही हे भौतिकशास्त्र शिकलेल्यालाच कळते.

पुढचा मार्ग परिचित आहे : एम.एस्सी.साठी जॅम किंवा विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया, संशोधनासाठी नेट किंवा जेस्ट. जॅम, नेट आणि जेस्ट या परीक्षा आहेत.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारत २०१७ पासून सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य असला तरी कणभौतिकीत कायम नोकऱ्या थोड्याच आहेत, आणि केवळ त्याच भरवशावर पुढची दहा वर्षे आखणे मला धोक्याचे वाटते. परंतु हेच सॉफ्टवेअर कर्करोगाच्या विकिरणोपचारात शरीराच्या कोणत्या भागात किती मात्रा पोहोचते ते काढण्यासाठीही वापरतात. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम केला, तर रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम मिळू शकते. या वाटेचा विचार तिने जरूर करावा.

तिला समजावण्याचे काम मात्र मी करणार नाही. वही उघडल्याचे आपण स्वतः तिला सांगा, आणि पुढचे पत्र तिच्या हातचे येऊ द्या. जिआंट-४ फुकट उतरवून घेता येते. कॉलेजच्या संगणकावर ते बसवले का, आणि त्यासोबत येणाऱ्या उदाहरणांपैकी कोणते चालवून पाहिले, एवढे तिने त्यात लिहावे.