म्हातारी माणसं 'समाधानी' म्हणतात तेव्हा

टांझानियातल्या सरकारी ओपीडीत तासन् तास ताटकळूनही बहुतेक वृद्ध रुग्ण 'समाधानी' कसे, असं तुम्ही विचारलंय. दार-ए-सलाममध्ये औषधांच्या कामात असताना मी रुग्णांना 'समाधानी आहात का' विचारणाऱ्या मुलाखतींना बसलोय. म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत, आपलाच प्रश्न मोघम असतो.

तिथे वृद्धांसाठीचं राष्ट्रीय धोरण 2003 साली आलं. साठी उलटलेल्या, ऐपत नसलेल्यांना सरकारी उपचार मोफत. पुष्कळ ठिकाणी 'दिरिशा ला वाझे' असते, म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत वृद्धांची खिडकी (आपल्या वाझ्यांचा काही संबंध नाही!). खिडकीतली पोरगी आधी 'शिकामू' म्हणते. मूळ अर्थ पाय धरण्याचा, म्हणजे आपलं 'पाया पडते'च. आजोबा उत्तरादाखल 'मराहाबा' म्हणतात, आणि निम्मं समाधान तिथेच होतं.

खरी गोम औषधात. एका आजींच्या चिठ्ठीवर तीन औषधं होती. मिळाली फक्त गुडघेदुखीची गोळी. रक्तदाबाची आणि साखरेची बाहेरच्या 'दुका ला दावा'तून घ्या म्हणाले. (दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे दवा, हे भाषांतर करायला नकोच.) मुलाखतीत आजी म्हणाल्या, 'न्झुरी', छान. दहा मिनिटांनी बघतो तर बाकावर बसून कांग्याच्या, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या कापडाच्या, टोकाची गाठ सोडून शिलिंग मोजत होत्या. एकच औषध घेतलं. मोफत तपासणीच्या आकडेवारीत त्या 'लाभार्थी' आणि 'समाधानी', दोन्ही.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत 'समाधानी आहात का' याच्यावर भिस्त ठेवू नका. चिठ्ठीवर किती औषधं होती, हातात किती पडली, डालाडालाचं (तिथल्या मिनीबसचं) भाडं कोणी दिलं, सोबत आलेल्या नातीची शाळा बुडाली का, हे विचारा. आणि शक्यतो घरी जाऊन, आठवड्याने. आवारात नर्स शेजारी असताना कोण तोंड उघडेल? पुढच्या महिन्यात त्याच खिडकीवर यायचंय.

एक फजिती सांगतो. स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. एक आजोबा 'सा कुमी ना म्बिली'ला, म्हणजे बाराला, आलो म्हणाले, मी सरळ 12 लिहिले. केसपेपरवर डॉक्टरांची वेळ सकाळी दहाची. माझ्या तक्त्यात आजोबा तपासून झाल्यावर दोन तासांनी दवाखान्यात पोचले. खरे तर ते पहाटे सहापासून बसलेले.